फक्कीचा दवाखाना

"दोरी ताणा, रिसबूड. दवाखाना आखतोय आपण, झोपाळा बांधत नाही," नाडगौडा साहेब म्हणाले.

मी दोरी ताणली. दुसरं टोक धरून बसलेले यादू गवंडी दोन पावलं फरफटत पुढे आले आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा बसले. चौऱ्याहत्तर सालचा मार्च, सकाळचे आठ वाजलेले. मांडवखेडच्या माळावर बारा पोती फक्की, म्हणजे मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड, येऊन पडली होती. अकरा वाजेपर्यंत त्या पुडीचं साठ खाटांचं रुग्णालय करायचं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मिरजेला नाडगौडा आर्किटेक्ट यांच्या कचेरीत अंदाजपत्रकं करायला लागून आठ महिने झाले होते आणि एक तारखेला मला कायम करणार होते. मांडवखेडच्या दवाखान्याचं ढोबळ अंदाजपत्रक हे माझं स्वतःचं पहिलं काम. ढोबळ म्हणजे नकाशा व्हायच्या आधीचं. नकाशाला पैसे लागतात, पैसे आकड्यावर ठरतात, आणि आकडा माझ्यासारख्या माणसावर सोडलेला असतो, अशी या धंद्याची रीत आहे. आकडा होता अठरा लाख.

आबा इनामके हे तिथल्या साखर कारखान्याचे चेअरमन. चाळीस गावच्या सभासदांच्या ऊसबिलातून टनामागे कापून त्यांनी बरोबर अठरा लाखांची सोय केली होती. आबांची पद्धत अशी की, कागदावरची रेघ गावाला कळत नाही, म्हणून इमारत आधी माळावर खऱ्या मापानं फक्कीत आखायची, लोकांना तिच्यातून फिरवायचं, आणि मग माइकवर आकडा सांगायचा. एकदा सांगितला की त्यावर दमडी चढू द्यायची नाही.

दमडी चढली तर काय होतं ते साहेबांनी मला सकाळीच दाखवलं होतं. येताना त्यांनी मांडवखेडच्या शाळेपाशी जीप थांबवली. खालचा मजला झकास होता. वरच्या मजल्याच्या भिंती खिडक्यांपर्यंत आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या. त्यावर आभाळ. दर्शनी भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली: 'या शाळेचा खर्च श्री. य. ना. पुंडे, ओव्हरसियर, यांनी काढला.'

"आकडा संपला, काम थांबलं," साहेब म्हणाले. "पाटीचे पैसे आबांनी स्वतःच्या खिशातून दिले."

"पुंडे कुठे असतात आता?"

"मध्य प्रदेशात. पत्रबित्र टाकत नाहीत."

संगमरवर चांगल्यापैकी होता. अक्षरं खोल होती. शंभर-दीडशे वर्षं काही व्हायला नको. मी जीपमध्ये बसल्यावर माझं नाव किती अक्षरांचं होतं ते उगाचच मोजलं.

तरी मी निर्धास्त होतो. अंदाजपत्रक मी तीनदा तपासलं होतं. रुग्णालयात काय काय हवं त्याची यादी सिस्टर एस्तेर उजगरे यांनी दिली होती. चौतीस वर्षं मिशनच्या एका मोठ्या दवाखान्यात मेट्रन म्हणून काढून त्या निवृत्त झालेल्या, आणि आबांनी त्यांना शब्द टाकून इकडे आणलेलं. त्यांच्या यादीत पुरुषांचा वॉर्ड, बायकांचा वॉर्ड, बाळंतिणींचा, मुलांचा, ऑपरेशनची खोली, औषधं, धुणं, स्वयंपाक, शवागार, सगळं होतं. प्रत्येक खोलीपुढे लांबी-रुंदी. यादीच्या शेवटी सिस्टरांचं अक्षर संपून निळ्या शाईत दुसरंच अक्षर सुरू होत होतं: स्पेशल रूम आठ, संचालक सभागृह, देणगीदार दालन, मंत्रिमहोदय विश्रांतिकक्ष, अध्यक्षांची खोली. मी सगळ्या खोल्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली. वीस हजार चौरस फूट. नव्वद रुपये दरानं गुणलं. अठरा लाख. एक शून्य इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. अशी स्वच्छ बेरीज माझ्या हातून नंतर कधी झाली नाही.

पहिला आम्ही पुरुषांचा वॉर्ड आखला. त्याला लागून बायकांचा. त्याच्या पाठीला पाठ लावून बाळंतिणींचा. यादू गवंडी उकिडवे बसून चिमटीतून फक्की सोडत होते आणि रेघ अशी सरळ येत होती की बघत राहावं. मुलांचा वॉर्ड झाला, औषधांची खोली झाली. मग मधोमध ऑपरेशनची खोली आखली आणि तिच्या चारही अंगांना खोल्या येऊन भिडल्या.

यादू गवंडी उठून उभे राहिले. रेघांकडे बघत त्यांनी डोक्याचं मुंडासं सैल केलं.

"सायेब, हिकडं जायचं कुठनं?"

"दारं नंतर ठरतात," मी म्हणालो.

"दारं ठरतील की. पर दाराम्होरं काय हाय?"

मी रेघांकडे पाहिलं. बाळंतिणींच्या वॉर्डाला दार ठेवलं तर ते औषधांच्या खोलीत उघडत होतं. औषधांच्या खोलीचं मुलांच्या वॉर्डात. ऑपरेशनच्या खोलीत पोचायला कुठूनही निघालं तरी दोन वॉर्ड, एक स्वयंपाकघर आणि बहुधा शवागार ओलांडणं भाग होतं.

मी खोल्या मोजल्या होत्या. खोल्यांना जोडणारे बोळ, ओवऱ्या, व्हरांडे मी मोजलेच नव्हते. भिंतींची जाडीसुद्धा धरली नव्हती. माझ्या रुग्णालयात साठ खाटा होत्या, आणि एका खाटेवरून दुसरीकडे जायला कावळा असणं आवश्यक होतं.

भीतीनं घाम फुटतो असं ऐकलं होतं. मला घाम फुटला नाही. उलट अंगावरचा होता तो वाळला. कानात एक बारीक सूर लागला, शिट्टीसारखा. हातातली टेप मी गुंडाळायला लागलो आणि पूर्ण गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडायला लागलो. पुढचा हिशोब मात्र डोक्यानं मला न विचारता करून टाकला. दवाखान्यात अशा येण्याजाण्याच्या जागा आणि भिंती मिळून खोल्यांच्या जवळजवळ निम्म्या होतात. कमी धरल्या तरी नऊ हजार फूट. नव्वदनं गुणून आठ लाख दहा हजार.

साहेब जीपच्या सावलीत थर्मासमधला चहा पीत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"साहेब, व्हरांडे राहिले."

"कशाचे?"

"सगळ्याचे."

साहेबांनी कप थर्मासवर पालथा घातला, फिरवून घट्ट केला. या कामाला त्यांनी बराच वेळ घेतला.

"सही माझी आहे त्याच्यावर," ते शेवटी म्हणाले.

"हो साहेब."

"मी वाचलं होतं. बेरीज बरोबर होती."

"बेरीज अजूनही बरोबर आहे साहेब."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं त्याचं मी वर्णन करत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. मधे आठ-आठ फुटांच्या गल्ल्या सोडून आखा. लोकांना काय कळतंय? लोक फिरतील, खूश होतील, घरी जातील. पुढचं पुढे. पाया खणला गेला की पैसे येतात कुठून तरी."

"शाळेचा पाया खणला होता साहेब."

"तुम्ही गल्ल्या सोडा."

मी परत गेलो. यादू गवंड्यांना म्हटलं, पुसू या आणि मधे आठ फूट सोडून परत मारू या. ते पायानं रेघ फिसकटायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"इंजिनेर, काय पुसतोयस?"

आबा इनामके. सत्तरीचे, उंच, धोतर आणि पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. तरुणपणी ते सर्व्हे खात्यात मोजणीची साखळी ओढायला होते, असं मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला.

"रेघ वाकडी आली होती," मी म्हणालो.

"सरळ कर. वीस हजार फूट न्हवं का? शंभर बाय दोनशे बसतंय. अडीच फुटाचं पाऊल हाय माझं, अजून बदललं न्हाई. म्हंजे चाळीस पावलं आन् ऐंशी पावलं. अकरा वाजता मी कडंनं चालणार. मोजून घेतल्याबिगर आकडा बोलायची सवय न्हाई मला."

"हो आबा."

"पुंडेच्या वेळी मोजलं न्हवतं," आबा म्हणाले, आणि सभेसाठी घातलेल्या मांडवाकडे निघून गेले.

म्हणजे गल्ल्या सोडल्या तर कडेची पावलं चाळीसची अठ्ठावन्न होणार आणि मी सापडणार. न सोडल्या तर आत कुणाला जाता येणार नाही आणि मी सापडणार. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माळाच्या पलीकडे असलेल्या एका टेकडीकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते, जणू ती कुणी आर्किटेक्टनं चुकीच्या जागी ठेवली होती.

"यादूमामा, होती तशीच मारा," मी म्हणालो.

साडेदहापर्यंत लोक आले. बैलगाड्या, सायकली, कारखान्याचे दोन ट्रक. आले ते थेट फक्कीच्या इमारतीत शिरले. रेघा ओलांडत कोण कुठल्या खोलीत उभं आहे ते एकमेकांना ओरडून सांगायला लागले. बायका बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या आणि तिथं चक्क खाली बसल्या; एकीनं पदरात बांधलेले शेंगदाणे सोडले. दोन म्हातारे पुरुषांच्या वॉर्डात खिडकी कुठल्या अंगाला हवी यावर भांडत होते. मुलांचा वॉर्ड मुलांनी भरला. शवागारात उभं राहिलेल्या एका गृहस्थांना आपण कुठे उभे आहोत ते कुणीतरी सांगितलं, तेव्हा ते सावकाश बाजूच्या स्वयंपाकघरात गेले.

आबांनी कडेनं पावलं मोजली. माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. रेघ. मग ऐंशी. रेघ. आबा खूश झाले.

"नाडगौडा, तंतोतंत."

"तंतोतंत," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा फक्कीच्या रंगाचा झाला होता.

"पोरगं हुशार हाय तुमचं."

मला वाटलं, सुटलो. आता हे माइकपाशी जातील. मला तसं वाटलं ते अंदाजे चार सेकंद.

"बाज आणा रे," आबा म्हणाले. "पहिला पेशंट मी. शाळेत पहिला विद्यार्थी मीच बसलो होतो."

आबा सुतळीच्या बाजेवर आडवे झाले. वहाणा काढून पोटावर ठेवल्या. चार गड्यांनी बाज उचलली. सिस्टर उजगरे पुढे आल्या. बुटक्या, पांढरं पातळ, छातीला उलटं लावलेलं घड्याळ, चाल अशी की मागचा माणूस आपोआप गप्प व्हावा.

"काय होतंय तुम्हाला?" त्यांनी आबांना विचारलं.

"अपेंडिक्स म्हणा."

"बरं. वॉर्डातून ऑपरेशनला न्यायचंय. चला रे, धक्का न लावता."

बाज पुरुषांच्या वॉर्डातून निघाली आणि पाच-सहा पावलांवर रेघेशी थांबली. पलीकडे बायकांचा वॉर्ड. सिस्टर म्हणाल्या, "इथून नाही." बाज वळली. पुन्हा रेघ. पलीकडे धुण्याची खोली. "इथूनही नाही." बाज परत वळली. लोक हसायला लागले, त्यांना हा खेळ वाटला. तिसऱ्या वळणाला आबांनी डोकं उचललं.

"सिस्टर, अजून किती लांब हाय?"

सिस्टर थांबल्या. त्यांनी सगळ्या रेघांवरून एकदा नजर फिरवली आणि ती नजर शेवटी माझ्यावर येऊन थांबली. रागावलेली नव्हती. ज्याला अजून कळायचं आहे अशा पेशंटकडे बघतात तशी होती.

"आबा, रस्ता नाहीये," त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं. चाळीस गावांची माणसं एकाच वेळी गप्प झाली की माळावर वारा किती वाहतो ते कळतं.

"इंजिनेर," बाजेवरून आवाज आला. "हिकडं ये."

मी गेलो. जाताना रेघांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत गेलो, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. बाजेजवळ उभा राहिलो. आबा पडल्या पडल्या आभाळाकडे बघत होते.

"रस्ता कुठं हाय?"

"धरायचा राहिला आबा."

"म्हंजे पैशात न्हाई?"

"नाही."

"कितीचा हाय?"

"आठ लाख दहा हजार."

चारपैकी एका गड्याचा खांदा हलला. बाज कलली, सावरली. आबांनी वहाणा दोन्ही हातांनी धरून ठेवल्या होत्या.

"नाडगौडा कुठायत?"

"इथेच आहे आबा," साहेब म्हणाले. ते खरंच जवळ येऊन उभे राहिले होते. माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा. एवढं मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगतो.

"माझ्याकडं अठराच हायत. एकोणीस न्हाईत. ही माणसं बसलीत ही, ह्यांच्या बिलातनं कापलेत. आणखी कापायचं तोंड न्हाई मला. मग आता काय, घरी जायचं?"

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या बायका उठल्या नाहीत. जवळचं ऑपरेशन तेव्हा पंचेचाळीस मैलांवर होत असे, आणि त्यांच्यातल्या किती जणींनी तो रस्ता बैलगाडीत मोजला होता ते मला पुढे कळलं.

साहेबांनी खिशातून लग्नाच्या आमंत्रणाचं पाकीट काढलं आणि त्यावर पेन्सिलीनं काही केलं. "आबा," ते म्हणाले, "अठरा ठेवायचे असतील तर खोल्या कमी कराव्या लागतील. खोली गेली की तिच्यापुरता रस्ताही जातो. सहा हजार दोनशे फूट खोल्या काढल्या तर राहिलेल्याला रस्ता पुरतो."

"कुठल्या काढायच्या?"

"ते आता संचालक मंडळ बसून..."

"मंडळ बसलं की खुर्च्या लागत्यात," आबा म्हणाले. "ज्यानं चुकवलंय त्यो पुसंल. इंजिनेर, पायानं पूस. मी हितंच पडलोय. सहा हजार दोनशे झालं की सांग."

मी सिस्टरांकडे वळलो. "सिस्टर, कुठल्या..."

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी त्यातली एकही पुसणार नाही."

मी चपला काढल्या. का काढल्या ते माहीत नाही. मधोमध उभा राहिलो. समोर मुलांचा वॉर्ड. त्यात वीस-पंचवीस मुलं, पुसणारा माणूस कसा पुसतो ते बघायला उत्सुक. डावीकडे बायका, त्यांच्यातली एक मांडीवर मूल घेऊन, माझ्याकडे सरळ बघत. उजवीकडे खिडकीवरून भांडणारे म्हातारे. मी एक पाऊल डावीकडे टाकलं, थांबलो. उजवीकडे टाकलं, थांबलो. मग पूर्वेकडच्या टोकाला चालत गेलो, पहिल्या स्पेशल रूमच्या रेघेवर पाय ठेवला आणि ओढला.

आठही स्पेशल रूम पुसल्या. रेघा जाड होत्या, तळपाय चुरचुरायला लागले. मग संचालक सभागृह. त्याची एक बाजू पुसून होते न होते तोच लिंबाखाली खुर्च्या टाकून बसलेले संचालक एक एक करून उभे राहू लागले. त्यांच्यातला एक जण "अरे, अरे" म्हणाला. मी देणगीदार दालन पुसलं. मंत्रिमहोदयांचा विश्रांतिकक्ष पुसला. मागे वळून बघायची छाती नव्हती, म्हणून पुसत राहिलो, आणि पुसायला काही उरलं नाही तेव्हा थांबावं लागलं.

"किती झालं?" बाजेवरून आवाज आला.

"पाच हजार सातशे," साहेब पाकिटावर बघून म्हणाले.

आबा बाजेवर उठून बसले. गड्यांनी ती खाली ठेवली. आबांनी माळाची पूर्वेची बाजू नीट बघून घेतली.

"ते सभागृह माझ्या वडलांच्या नावाचं व्हतं," ते म्हणाले.

मध्य प्रदेशात भाडी काय असतील, एवढा एकच विचार डोक्यात होता.

"पाचशे कमी पडत्यात न्हवं?"

"हो आबा."

आबांनी वहाणा पायात चढवल्या, करकर करत पूर्वेला गेले, आणि पुसलेल्या पसाऱ्यात एकटी उरलेली अध्यक्षांची खोली टाचेनं पुसायला लागले. चारही बाजू स्वतः पुसल्या. वेळ लागला, मधे एकदा कंबर धरून थांबले.

"अध्यक्ष उभ्यानंच बोलत असतोय," ते परत येऊन म्हणाले. "त्याला खोली कशाला? सिस्टर, साठ खाटा बसतील का?"

"आठ कमी झाल्यात. वॉर्डांतून दोन-दोन मी बसवते."

"मग माइक आणा."

आबांनी अठरा लाख जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचालकांनीही, थोड्या उशिरा. यादू गवंड्यांनी मला विचारलं, रस्ता आता मारायचा का? मी हो म्हणालो. आठ फुटी रेघा मारत ते वॉर्डांमधून गेले तेव्हा बसलेल्या बायकांनी आपापली बोचकी उचलून वाट करून दिली.

दवाखाना दोन वर्षांत उभा राहिला आणि अठरा लाखांत बसला. मी एक तारखेला कायम झालो. परतीच्या वाटेवर जीपमध्ये साहेब म्हणाले, "रिसबूड, तीस वर्षं झाली या धंद्यात. चेअरमनच्या तोंडावर चेअरमनच्या बापाचं सभागृह पुसणारा माणूस मी बघितला नव्हता." पुढे ही गोष्ट धंद्यात फिरली. कुठल्याही समारंभात कुणीतरी उठून ती सांगतं, आणि मला निर्भीड म्हणतं. मी मान खाली घालतो. लोक त्याला विनय समजतात.

खरं काय ते मी एकाच माणसाला सांगितलं. त्याच दुपारी, मांडवामागे, सिस्टरांनी मला उलट्या घमेल्यावर बसवलं आणि फक्कीनं सोललेल्या माझ्या तळव्यांना खोबरेल लावलं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "ते सुचलं कसं तुला? मी पैज लावली असती की तू धुण्याची खोली काढशील."

"सुचलं नाही सिस्टर."

"मग?"

"सगळीकडे माणसं उभी होती. बसली होती. त्या खोल्या साहेबलोकांच्या म्हणून गावातलं कुणी आत पाऊल टाकत नव्हतं, आणि तिथं ऊन म्हणून संचालक लिंबाखाली होते. तिथं कुणीच नव्हतं." मी थांबलो. "बाकीच्यांना 'जरा सरका' म्हणायची माझी हिंमत झाली नाही."

सिस्टरांचा हात थांबला. मग त्यांनी दुसरा पाय ओढून घेतला.

"आमच्या मिशनमध्ये चार होत्या तसल्या खोल्या," त्या तेल चोळत म्हणाल्या. "किल्ल्या माझ्याकडे असायच्या. चौतीस वर्षं. त्यांतही कुणी नसायचं."